मरायची ओळ

"मरायला लावतात म्हणे," वहिनी पुटपुटल्या. त्यांचे कोपर माझ्या कोपराला लागत होते इतक्या जवळ त्या उकिडव्या बसल्या होत्या, पण सांगत होत्या ते मला नव्हे, हातातल्या रोपाला. "पाणी घाला, शेण घाला, सकाळ-सांज बघा, आणि मेले की वहीत लिहा. आमच्या सासऱ्यांनी ऐकले असते तर फावडे घेऊन धावले असते."

मी पुढच्या खड्ड्यात बोट फिरवत ऐकलेच नाही असे दाखवले. वहिनींच्या असल्या बोलण्याला उत्तर द्यायचे नसते. ते वाऱ्यासारखे, त्यात कपडे वाळतात एवढाच उपयोग.

कमलाक्षीवहिनी माझी थोरली जाऊ. नार्व्याला नदीकाठी हिवाळ्यातल्या भाजीची जी पट्टी आहे, ती त्यांची आणि भावोजींची, म्हणजे कृष्णनाथ भावोजींची. माझा नवरा गोकुळदास पाळी गावच्या खाणीवर टिपर चालवतो. त्याचा आणि वांग्याचा संबंध थेट ताटात येतो.

ती ओळ मात्र खरोखरच मरण्यासाठी होती. ज्यांनी लावायला सांगितली त्यांनीच तसे सांगितले होते.

तनया ही इब्रामपूरची मुलगी. एका संशोधन केंद्रात करारावर होती, वांग्याच्या मर रोगावर काम करायची. दोन वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातल्या वीस शेतांची माती तिने पिशव्यांतून नेली आणि महिन्याभराने आमच्या दारात येऊन हसत म्हणाली, "काकी, तुमची माती सगळ्यांत आजारी निघाली." आमच्या घराण्याचा कशात तरी पहिला नंबर आला तो असा. सगळी नवी वाणे आता आमच्याच मातीत तपासली जाणार होती, कारण इथे जे जगेल ते कुठेही जगेल. बांधावर पाटीसुद्धा लागली, 'मर रोग चाचणी क्षेत्र'. दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्या पाटीवर जुना तुवाल वाळत घातला. तो दोन वर्षांत वाळला नाही.

आठ ओळी होत्या, ओळीत चाळीस रोपे. सात ओळी नव्या नंबरांच्या. त्यातला पहिल्या ओळीतला अकरा नंबर हा तनयाचा. रानातल्या काटेरी डोरलीचा हट्ट, काटे वगळून, आणि खायच्या वांग्याचा गर एकत्र आणायचा म्हणून सहा वर्षे ती चिमटा घेऊन फुलांवर वाकली होती. आठव्या ओळीत आमचे घरचे वांगे. गोल, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, देठाला काटे. तनयाने बियाणे मागितले तेव्हा भावोजींनी राखेत घोळून बाटलीत ठेवलेले मूठभर बी स्वतःच्या हाताने दिले. सरकारला चांगले बी हवे झाले आहे, असा त्यांचा समज. तो समज कुणी मोडला नाही.

"ही ओळ मेली पाहिजे काकी," तनयाने मला एकटीला घेऊन सांगितले होते. मोजणीचे काम माझ्याकडे होते. शाळा सातवीपर्यंतच, पण वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचून मगच चुलीत घालते, हे तिला कळले होते. "ही मेली तरच अकरा नंबर जगला त्याला अर्थ. ही जगली तर साहेब म्हणणार, या मातीत आता रोगच उरला नाही, मग तुझ्या वाणाचे कौतुक कसले. इब्रामपूरला आमच्याच शेतात लावलेली ओळ गवे खाऊन गेले. आता फक्त नार्वे उरले. इथे जमले नाही तर अकरा नंबर फाइलीत जाईल, आणि मार्चात मी पण."

मला लगेच कळले. घरात सगळ्यांना गोवर येतो तेव्हाच न आलेल्या पोराची तब्येत कळते.

"मरेल," मी म्हटले. "काळजी करू नको. दहा वर्षे मरते आहे."

हे वाक्य मी अंगणाच्या पार टोकाला जाऊन, आवाज खाली आणून बोलले होते. कारण आमच्या घरात ते बोलायचे नव्हते.

दहा वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात आमची वांगी हिरव्यानेच माना टाकू लागली. सकाळी ताजे, दुपारी मलूल, तिसऱ्या दिवशी आडवे. त्याच आठवड्यात भावोजींच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सांगितले, यांना मनाला लागेल असे काही सांगू नका. वहिनी त्याच दिवशी इस्पितळात त्यांना म्हणाल्या, "वांगी बरी आहेत." डॉक्टरने किती दिवस सांगू नका ते सांगितले नव्हते. मग गुडघे गेले, मग डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि भावोजींचे शेतात उतरणे रविवारपुरते उरले. आमचा गडी भिकाजी त्यांना हात धरून बांधापर्यंत नेतो, ते लांबून हिरवे बघतात आणि परततात.

शेतात दरवर्षी बियापुरते एखादे झाड तगते, म्हणून घरी शिजतात ती वांगी मी डिचोलीच्या बाजारातून आणते. गोल बघून, पट्टे बघून. काट्याची मिळत नाहीत, म्हणून देठ घरी पोचण्याआधीच काढते. नदीकाठी स्कूटर थांबवून त्यांना थोडी माती लावते. भावोजी पहिला घास खाऊन दर वेळी म्हणतात, "माती तीच, चव तीच." आणि वहिनी त्यांना आणखी वाढतात.

तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठव्या ओळीतले पहिले रोप झुकले. तनया आली, बुंधा तिरपा कापला, आमच्याकडून पाणी प्यायचा काचेचा कोप भरून घेतला आणि तुकडा त्यात लटकता धरला. थोड्या वेळाने त्यातून दुधासारखा पांढरा धागा सुटून खाली उतरू लागला.

"हाच तो रोग," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की बघणाऱ्याला वाटावे पोरीचे लग्न ठरले.

वहिनींनी तो कोप नंतर तीनदा राखेने घासला आणि मांडणीवर सगळ्यांत मागे ठेवला.

दर सोमवारी मी उभी रोपे मोजायची. पहिल्या सोमवारी, ते रोप झुकण्याआधी, चाळीस. दुसऱ्या सोमवारी छत्तीस. सगळे नीट चालले होते. तिसऱ्या सोमवारी अडतीस.

मी पुन्हा मोजली. अडतीस.

आता आमच्या वाड्यावरची, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीची, रीत सांगायला हवी. ओळीत रोप मेले की तिथली जागा मोकळी ठेवायची नाही. तोंडातला पडका दात आणि वाफ्यातली मोकळी जागा, दोन्ही पाहुण्यांना दिसू नयेत. ज्याच्याकडे लावणीतून उरलेली रोपे असतात त्याने जाता-येता दुसऱ्याच्या वाफ्यातले भोक दिसले तर एक रोप खोवायचे, आणि ते सांगायचे नाही. सांगितले तर रोप लागत नाही म्हणतात. मालकाने विचारायचे नाही, आभार तर मुळीच मानायचे नाहीत. या रीतीमुळे आमच्या वाड्यावर कुणाचाही वाफा पूर्णपणे त्याचा स्वतःचा नसतो, आणि कुणालाही त्याचे काही वाटत नाही.

मंगळवारी सकाळी मी लवकर उतरले. दव पडले होते. वहिनी आठव्या ओळीत बसल्या होत्या, पदराखाली रोपांची जुडी.

"वहिनी."

"खुरपे विसरले होते ते न्यायला आले," त्या म्हणाल्या. खुरपे कमरेला होते.

"ती ओळ मरायला हवी आहे."

"मला काय सांगतेस. मी का कुणाला जगवते आहे? रविवारी हे येणार बांधावर. त्यांना भोके दिसली तर?"

"मोतीबिंदूतून भोके दिसतात?"

"हिरवे दिसते ना. मग हिरवे नसलेलेही दिसणार." त्या उठल्या आणि जाता जाता एक रोप दाबून गेल्या.

भिकाजीला मी वेगळे गाठले. तो सिंधुदुर्गातला, बावीस वर्षे आमच्याकडे मजुरीला आहे, आणि आमच्या घरातली भांडणे तो आमच्याआधी ओळखतो.

"भिकाजी, आठव्या ओळीत तू काही लावलेस?"

"मी?" तो नदीकडे बघू लागला. "मी कित्याक लावतलंय? दोन-तीन भोकां होती ती बुजवलंय. वाफो काय उघडो ठेवचो, धाकट्या वयनी? आबांका काय वाटात?" भावोजींना तो आबा म्हणतो.

"रोपे कुठून आणलीस?"

"तनयाबायच्या ट्रेत उरली हुती ना मांगराच्या मागे. सुकान जाती म्हणान..."

"कुठल्या नंबरची?"

"रोपार काय नंबर लिवलेलो असता?"

मी मांगराच्या, म्हणजे शेतातल्या खोपीच्या, मागे जाऊन बघितले. मोकळ्या ट्रेला प्लास्टिकची पट्टी अजून लटकत होती. त्यावर तनयाच्या नीट अक्षरात लिहिले होते, अकरा.

इथे मी खरे तेच लिहायचे तर लिहायला हवे, की त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी मीही दोन रोपे खोवली होती. रविवारी भावोजी येणार होते, आणि बांधाच्या कडेची अगदी समोरची दोन भोके होती. वहिनींच्या जुडीतली रोपे कुठली, तेही मी आता विचारले नाही. ट्रे एकच होता.

पुढच्या सोमवारी वहीत मी एकोणचाळीस लिहिले. मला उभी रोपे मोजायला सांगितले होते. कुठली उभी, ते विचारले नव्हते.

तनया आली तेव्हा वही उघडून बराच वेळ बघत राहिली. "काकी, मरत्या ओळीचा आकडा चढतो कसा?"

"मागच्या खेपेला चुकले असेल मोजताना."

ती ओळीजवळ गेली. काही रोपे गुडघ्याला आलेली, काही वीतभर, एक तर कालच जमिनीशी ओळख झाल्यासारखे. तिने सगळे पाहिले. मग वर आमच्या घराच्या ओसरीकडे, बालकांवाकडे पाहिले. तिथे भावोजी बसले होते आणि तिच्या दिशेने, म्हणजे तिच्या जरा डावीकडे, हात हलवत होते.

"तनया आली ना गो?" ते ओरडून विचारत होते. "वर ये बाय. पोदेराने गरम पाव दिलेत, वांग्याची भाजी आसा. आपल्या शेतातली."

तनया वर गेली. तिने भाजी खाल्ली. बाजारची होती, ते तिला पहिल्या घासात कळले असणार, सहा वर्षे तिने वांगीच चाखली होती. "छान आहे आबा," ती म्हणाली. जाताना स्कूटर सुरू करता करता मला एवढेच म्हणाली, "साहेब येईपर्यंत आता कुणी हात लावू नका, काकी. आपोआप काय व्हायचे ते होऊ दे."

आम्ही हात लावला नाही. देवाशपथ कुणीच नाही. पण आता होण्यासारखे काही उरलेच नव्हते. घरच्या बियाण्याची जी रोपे मरायची ती मरून गेली होती आणि त्यांच्या जागी अकरा नंबर उभा होता. मर रोगाने पहिल्या ओळीत त्याचे काही वाकडे केले नाही, मग आठव्या ओळीत का करावे? तनयाचे वांगे इतके चांगले निघाले की त्याने तनयाचाच घात केला.

मी रात्रंदिवस एकच विचार करत होते, की हे साहेबांना बाजूला घेऊन सांगावे. मग वहिनींनी सांगितले, त्या दिवशी भावोजी स्वतः शेतात येणार आहेत. सरकारचा साहेब त्यांचे बियाणे बघायला येतो आहे, तर ते घरात बसतील कसे.

जानेवारीत साहेब आले, बरोबर दोन माणसे. भावोजींना इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बांधावर त्यांना बसायला घरातली लाकडी कदेल ठेवली होती. वहिनींनी पाटीवरचा तुवाल बदलून नवा घातला. भिकाजीने दाढी केली होती, ते बघूनच मला धसका बसला.

साहेब माणूस वाईट नव्हता. ओळी-ओळीने चालत गेला, माझी वही बघितली, "अक्षर सुंदर आहे" म्हणाला. दुसऱ्या ओळीत सात रोपे, पाचव्या ओळीत नऊ, बाकी आडवी. पहिल्या ओळीत अकरा नंबरची अडतीस उभी. तनयाच्या ओठाच्या कडेला जरासे हसू आले. मग साहेब आठव्या ओळीपाशी पोचला.

"आणि ही?"

"तुलनेची, सर," तनया म्हणाली. "स्थानिक."

"स्थानिक?" साहेबाने टोकापासून टोकापर्यंत नजर टाकली. "ही तर उभी आहे."

नदीवरून बगळा उडाला तर आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"वाढ जरा उंचसखल आहे," साहेब म्हणाला, "पण उभी आहे. तनया, याचा अर्थ कळतो ना? तुझा अकरा नंबर जगतो, ठीक. पण स्थानिकही तेवढेच जगते. मग नवे वाण आणायचे कशासाठी?"

"सर, ही ओळ..." तनयाने सुरुवात केली. तिची नजर खाली गेली होती. एका रोपाला पहिले फळ धरले होते, सुपारीएवढे. तिने ते पाहिले, मी पाहिले, वहिनींनी पाहिले. मग तिने कदेलीवर ताठ बसलेल्या भावोजींकडे पाहिले आणि वाक्य तिथेच ठेवले.

"काय ही ओळ?"

"काही नाही, सर."

मी तोंड उघडले. वहिनींनी माझ्या मनगटाला धरले. जोरात नव्हे. नुसते धरले.

साहेब मात्र आता रंगात आला. हल्ली जुन्या वाणांना दिवस बरे आहेत, तो बरोबरच्या माणसांना म्हणाला. हे बी घ्यायचे, पुढच्या हंगामात डिचोली आणि पेडण्यातल्या पन्नास शेतकऱ्यांना वाटायचे. अकरा नंबर तूर्त बंद. माझ्या डोळ्यांपुढे पन्नास शेते आली. डिसेंबरात हिरव्यानेच माना टाकलेली, आणि प्रत्येक शेताच्या बांधावर एकेक तुवाल.

"हे बियाणे राखले कुणी?" साहेबाने विचारले.

"मी," भावोजी म्हणाले. "माझ्या वडिलांनी आणि मी."

"या ना आबा. तुमच्या झाडाजवळ एक फोटो काढू."

भिकाजीने त्यांना उठवले. हात धरून त्याने त्यांना ओळीत आणले, आणि ते येताना मला पहिल्यांदाच दिसले की भिकाजी चालतो त्या बाजूला भावोजी जात नाहीत, भावोजी जातात तिकडे भिकाजी चालतो. साहेबाने मोठ्या कौतुकाने त्यांचा हात घेऊन त्या सुपारीएवढ्या फळावर ठेवला. फोटोवाला वाकला.

भावोजींची बोटे फळावरून देठाकडे गेली. देठाभोवती फिरली. परत फिरली. चाळीस हिवाळे त्या बोटांना काटे बोचले होते.

"याला काटा नाही," ते म्हणाले.

"कोवळे आहे ना अजून," वहिनी घाईने म्हणाल्या. "काटा मागाहून येतो."

"कमलाक्षी, काटा आधी येतो. वांगे मागाहून." ते पुढच्या रोपाकडे हात चाचपत गेले. तिथली कळी तपासली. मग त्याच्या पुढची. फोटोवाला त्यांच्याबरोबर वाकत वाकत सरकत होता. चौथ्या रोपाशी ते थांबले. "भिकाजी, ही रोपे कोणाची रे?"

"आबानु..." भिकाजीने पायाने माती उकरली. "तनयाबायची. उरलेली हुती."

"काय आहे हे?" साहेबाने विचारले. विचारले तनयाला, पण ती खाली बघत होती.

भावोजी वळले. डोळे साहेबाच्या जरा डावीकडे लावून, अगदी सावकाश बोलू लागले, पाहुण्यांशी बोलतात त्या मराठीत.

"साहेब, माझे डोळे गेले. जीभ गेली नाही. दहा वर्षे मी बाजारातली वांगी खातो आहे. सुलोचना आणते, वर नदीकाठची माती लावून आणते. माती आमचीच असते. वांगे कुठले, ते देवाला ठाऊक." माझी मान वर होईना. "आधी वाटले विचारावे. मग म्हटले, या बायका एवढ्या कष्टाने खोटे बोलतात, त्यांचे मन कशाला मोडा. आणि भाजी बरी करते ती."

वहिनींनी माझे मनगट सोडले आणि पदर तोंडाला लावला.

"बियाणे वाटू नका," भावोजी म्हणाले. "लोक शिव्या देतील. वडिलांना देतील, मला देतील. जगले आहे ते या पोरीचे आहे, दोन्ही ओळींत." त्यांनी हात पुढे करून हवेत तनयाला शोधले. ती पुढे झाली, तेव्हा तो तिच्या खांद्यावर टेकला. "वही कुणाकडे आसा? सुलोचनेकडे ना. घे ती, बाय, आणि तूच लिही. आमचे वांगे मरते."